मुरड

बत्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकविले. या बत्तीस वर्षांत माझ्या तांबड्या पेन्सिलीने सर्वांत जास्त वेळा खोडलेले शब्द कोणते, असे मला कुणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन – ‘ते हे’. “मग राजाने ते हे केले”, “आईने डब्यात ते हे दिले” असे एखाद्या चिरंजीवाने निबंधात लिहिले, की माझा पारा चढे. ज्या वस्तूचे नाव ठाऊक नाही तिच्याविषयी बोलू नये, असे मी वर्गात ठणकावून सांगत असे. अशा माणसावर पुण्याच्या तपकीर गल्लीत, भर दुपारी, सात-आठ गिऱ्हाइकांच्या देखत, “अहो, ते हे द्या… वायरच्या टोकाला लावतात ते,” असे म्हणण्याची पाळी आली!

प्रसंग तसा साधा होता. आमच्या न्हाणीघरातल्या विजेच्या बंबाची – म्हणजे गीझरची – एक वायर स्क्रूखाली चुरमडून गेली होती. तिच्यातल्या दोन-चार तारा तुटून बाहेर डोकावत होत्या. अशा वायरीच्या टोकाला धातूचे एक चकचकीत टोपण बसवतात आणि त्याच्या भोकातून स्क्रू घालून ते पिळतात, एवढे मी पूर्वी कधी तरी एका वायरमनला करताना पाहिले होते. पाहिले होते म्हणजे मला ते येत होते, असा माझा समज. पुण्यात निवृत्त माणसाला दुसरा समज नसतो.

“थिंबल पाहिजे का?” दुकानदाराने विचारले.

मला वाटले, थिंबल म्हणजे शिंपी बोटात घालतो ती टोपी. मी म्हणालो, “नाही, नाही. विजेचे.”

मागे कुणी तरी हसले. दुकानदार मात्र हसला नाही. त्याने शांतपणे एकामागून एक पाच प्रश्न टाकले. “लग पाहिजेत ना? इन्सुलेटेड का साधे? रिंग, फोर्क का पिन? वायर किती स्क्वेअरची? स्क्रू कितीचा?”

तोंडी परीक्षेत मीही मुलांना पाचच प्रश्न विचारत असे. त्यांतल्या एकाचेही उत्तर न आल्यावर मुलगा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी का उकरतो, हे मला त्या दिवशी समजले. मागची माणसे चुळबुळ करू लागली होती. मी घसा साफ करून म्हणालो, “जरा मोठेच द्या.”

“मोठे म्हणजे पिवळे,” असे म्हणून त्याने पुडीत पाच-सहा नग टाकले. रंग छान हळदीसारखा होता. मी पैसे दिले आणि पुडी खिशात घालून, कुणाच्या नजरेला नजर न देता, गल्लीबाहेर पडलो.

घरी येऊन मेन स्विच बंद केला, वायरीचे टोक सोलले, पिवळ्या टोपणात खुपसले आणि घरातल्या पकडीने दोन्ही हातांचा जोर लावून ते दाबले. पिवळ्या कातडीवर पकडीचे दात छान उमटले. मला तर ती कामाची खूणच वाटली. जरासे ओढून पाहिले, निघाले नाही. स्क्रूचे डोके टोपणाच्या भोकातून जवळजवळ आरपार जात होते, म्हणून मध्ये एक वॉशर घातला. बंब सुरू केला, पाणी तापले. “वायरमनकाकांना बोलवायचं होतंत,” सौ. म्हणाली. “एवढ्याशा कामाला?” मी म्हणालो. गेल्या वर्षीच्या दसऱ्याआधीची ही गोष्ट. खंडेनवमीला मी त्या पकडीला आपण होऊन हळदकुंकू वाहिले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी नरकचतुर्दशी आली.

पहाटे साडेचारला घर जागे झाले. तेल, उटणे, पाटाभोवती रांगोळी, पायाखाली फोडायला कारीट, सगळे जागच्या जागी होते. आईचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. पण अभ्यंगस्नानाचा पहिला मान अजून तिचा. सौ.ने तिला तेल लावले, आणि ती न्हाणीघरात पाटावर जाऊन बसली. बाहेर फटाके सुरू झाले होते. जळक्या दारूचा वास घरभर पसरला होता, आणि त्या वासात दुसरा एक वास मिसळला आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही. आईच्या मात्र कानाने काम केले. ती आतून म्हणाली, “अरे, वर काही तरी चुरचुरतंय. फोडणीत मोहरी पडल्यासारखं.”

मी धावलो. स्विच बाहेर होता म्हणून बरे. तो बंद केला, आईला हात धरून बाहेर आणले आणि मग वर पाहिले. बंबाचे पांढरे आवरण एका बाजूला तपकिरी झाले होते, आणि तिथून धुराची एक बारीक रेघ निघत होती.

काही झाले नाही. एवढेच लिहून पुढे जावे असे वाटते. पण तीन-चार महिने रोज रात्री अंथरुणावर पडलो की ती धुराची रेघ माझ्या डोळ्यांपुढे येत असे, हेही लिहिलेच पाहिजे. आईने गॅसवर तापवलेल्या पाण्याने स्नान केले, कारीट फोडले आणि सगळ्यांना आधी फराळाला बसवले. जणू काही घडलेच नव्हते!

दहाच्या सुमारास वायरमनकाका आले. सणाच्या दिवशी आले, कारण आमचा घरोबा जुना. सत्तरी उलटलेला माणूस. माझ्या लग्नाच्या आधीपासून या घरातल्या दिव्यांना तो ओळखतो. स्टुलावर चढून त्यांनी आवरण काढले आणि वायरीला नुसता हात लावला. वायर अलगद त्यांच्या हातात आली. टोपण स्क्रूखाली तसेच, काळेठिक्कर.

“हे कुणी केलंय, मास्तर?”

आणि बत्तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकविणारा मी म्हणालो, “मागे… कुणी तरी आलं होतं.”

काकांनी ते काळे टोपण उजेडात धरले. पकडीच्या दातांच्या खुणा अजून दिसत होत्या. ते काही बोलले नाहीत. सौ. फराळाची बशी घेऊन दारात उभी होती. तीही काही बोलली नाही. तिने काकांच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली, आणि माझ्याकडे जे पाहिले ते पुरेसे होते.

“एमसीबी का पडली नाही?” मी विषय बदलण्यासाठी विचारले.

“ती कशाला पडेल?” काका म्हणाले. “वायरीतून करंट जास्त गेला तर ती पडते. इथं करंट रोजचाच होता. हा तीन किलोवॅटचा बंब. दोनशे तीस व्होल्टवर तेरा ॲम्पियर घेतो. तेवढाच घेत होता. जळत होता तो सांधा. ते तिला कुठून कळणार?”

पुढे मी कागदावर गणित मांडून पाहिले. विरोधातून वीज गेली की उष्णता होते, आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. तेराचा वर्ग १६९. ढिल्या सांध्याचा विरोध एक ओहमच्या दहाव्या हिश्शाएवढा जरी झाला, तरी तिथे सतरा वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची झाळण्याची कांडी साधारण पंचवीस वॅटची असते. म्हणजे शेंगदाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आवरणाआड, मी जवळजवळ एक झाळण्याची कांडीच पेटवून ठेवली होती, आणि तिच्याखाली माझी आई पाटावर बसली होती. नीट दाबलेल्या सांध्याचा विरोध ओहमच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असतो. तिथे उष्णता निघते ती वॅटच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. हाताला कळायचीसुद्धा नाही.

काकांनी आपली पिशवी उघडली. तीतून एक निळे टोपण काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि चष्मा लावायला सांगितले. मी लावला. मग सुरू झाला तो माझ्या आयुष्यातला एक उत्तम धडा.

“ही नळी. हिला बॅरल म्हणायचं. वायर हिच्यात जाते. पुढं चपटी झालीय ती जीभ, टंग. जिभेत पुरं गोल भोक असलं तर रिंग. चिमट्यासारखी उघडी असली तर फोर्क. आणि जीभच नसून नुसती काडी असली तर पिन. रिंग का घ्यायची? स्क्रू जरा ढिला झाला तरी ती निसटत नाही. फोर्क कुठं? जिथं स्क्रू पुरा काढता येत नाही तिथं. पिन कुठं? जिथं वायर भोकात घालून वरून स्क्रू दाबतो तिथं.”

दुकानदाराच्या पाच प्रश्नांपैकी एकाचे उत्तर मिळाले होते.

“आता भोक. हे स्क्रूच्या मापाचं पाहिजे. तुमचा… त्या माणसानं बसवलेलं,” काका किंचित अडखळले, “सहाच्या स्क्रूचं होतं, आणि स्क्रू आहे चारचा. म्हणून वॉशर घालावा लागला. टंग पुरी टेकलीच नाही.”

“आणि स्क्वेअर?”

“स्क्वेअर एमएम. वायर कापली तर तोंडाशी तांब्याची जागा किती, त्याचं माप. अडीच म्हणजे अडीच मिलिमीटर जाडी असं लोक समजतात. तसं नाही. अडीचच्या वायरीची जाडी दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही.” मग ते हसले. “आमच्या उमेदवारीत हे नव्हतं. तेव्हा तीन बावीस, सात वीस असं म्हणत. तीन बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, सात वीस म्हणजे वीस गेजच्या सात. आकडा ऐकला की आतल्या तारा डोळ्यांपुढं उभ्या राहायच्या.”

हा समास माझ्या ध्यानी आला नव्हता! लहानपणी वायरमन मंडळी आपसांत “सात वीस घे रे” असे ओरडत ते मला मंत्रासारखे वाटे. त्या मंत्राचा विग्रह असा साठ वर्षांनी झाला.

“आणि रंग काय शोभेचा आहे होय? लाल असेल तर अर्ध्या स्क्वेअरपासून दीडपर्यंत. निळा दीड ते अडीच. पिवळा चार ते सहा. ही वायर आहे अडीचची, आणि घातलंय पिवळं. लहान मुलानं वडलांचा बूट घालावा तसं. वरून कितीही आवळा, आत पाय हलणारच.”

मी पिवळे का घेतले होते, ते मला आठवले. ‘जरा मोठेच द्या’ हे माझेच शब्द.

मग त्यांनी वायर सोलली. नळीच्या लांबीला धरून, टोक जेमतेम पलीकडे डोकावेल एवढीच. जास्त सोलली तर उघडी तार मागे राहते. कमी सोलली तर प्लॅस्टिकच नळीत जाऊन दाबले जाते आणि तांब्याला तांबे भेटत नाही. सोलताना एकही तार कापली जाता कामा नये. “सात तारांतली एक तुटली तर वायर सातव्या हिश्शानं बारीक झाली, कागदावर अडीच राहिली तरी.” नळीचे तोंड आत जाताना किंचित पसरट असते. त्या पसरटपणाने तारा कडेला घासून तुटत नाहीत. म्हणून दाबताना ते तोंड चेपायचे नसते. काही जातींत नळीला एक बारीक भोकही असते, वायर शेवटपर्यंत गेली की नाही ते पाहायला. प्रत्येक भागाला नाव होते, आणि प्रत्येक नावामागे कुठे तरी, कधी तरी, कुणाचे तरी काही जळलेले होते.

शेवटी पिशवीतून हत्यार निघाले. पकडीसारखेच, पण जबड्यात लाल, निळे, पिवळे ठिपके असलेले तीन घर. काकांनी निळे टोपण निळ्या घरात ठेवले आणि मूठ दाबली. ‘कट् कट् कट्’ असा आवाज झाला. मध्येच त्यांनी हात सैल सोडला. पण जबडा उघडेना. “हे याचं वैशिष्ट्य. पुरं दाबल्याशिवाय सोडत नाही. माणूस कंटाळतो, हे कंटाळत नाही.” आणखी एकदा दाबल्यावर जबडा आपोआप उघडला. टोपणावर दोन ठसे होते. पुढचा ठसा तांब्यावर, तो करंटसाठी. मागचा वायरीच्या प्लॅस्टिकवर, तो वायर वाकली तरी मानेशी तुटू नये म्हणून.

“आता ओढा.”

मी ओढले. मग दोन्ही हातांनी ओढले. मग स्टुलाला पाय लावून ओढले. आई कॉटवरून म्हणाली, “पडशील रे.”

“पकडीनं काय होतं,” काका सांगू लागले, “नळी वरून-खालून चपटी होते आणि दोन्ही कडांना पोकळी राहते. पोकळीत हवा जाते, हवेनं तांबं काळं पडतं, काळं पडलं की तापतं. तापलं की फुगतं, निवलं की आक्रसतं, असं रोज दोनदा. त्यानं अजून ढिलं होतं. अजून ढिलं की अजून तापतं. हत्यारानं दाबलं की तारा आणि नळी एकमेकांत अशा रुततात की मध्ये हवेलाही वाट राहत नाही. फार दाबलं तरी वाईट. तारा कापल्या जातात. म्हणून ज्या मापाचं टोपण, त्याच मापाचं घर.”

“त्यापेक्षा झाळूनच टाकलं तर?” मी विचारले. मला अजून हुशारी दाखवायची होती.

“डाग दिलेली वायर स्क्रूखाली कधी घालू नये. शिसं-कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं. महिन्याभरात स्क्रू ढिला. आणि डाग जिथं संपतो तिथं वायर ताठ होते. हलली की नेमकी तिथंच तुटते.”

हे अनुभवाचे बोल होते, आणि मागाहून वाचले तेव्हा त्यांना इतिहासाचाही आधार सापडला. १९४१ साली अमेरिकेत व्हिटेकर नावाच्या अभियंत्याने एक कंपनी काढली. एअरक्राफ्ट अँड मरीन प्रॉडक्ट्स असे तिचे नाव. पुढे ती आद्याक्षरांनीच, एएमपी म्हणून, जगभर ओळखली गेली. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. विमानात आणि जहाजात वायरींचे असंख्य सांधे. इंजिनाच्या थरथरीने अहोरात्र हलणारे. एकेक सांधा झाळत बसायला वेळ नव्हता, आणि झाळणाऱ्याच्या हातावर सगळा भरवसा टाकणेही परवडणारे नव्हते. तेव्हा न झाळता, नुसत्या दाबाने बसणाऱ्या टोपणांना तिथे मागणी आली. आकाशात उडणाऱ्या विमानासाठी वाढलेली ही विद्या आमच्या न्हाणीघरातल्या बंबापर्यंत येऊन पोचली होती, आणि मी तिच्यावर घरची पकड चालविली होती.

“या क्रियेला काय म्हणतात?” मी विचारले.

“क्रिम्पिंग.”

“ते झालं. पण मराठीत?”

“मराठीत क्रिम्पिंगच. नाही तर लग मारणं.”

माझ्यातला मास्तर जागा झाला. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आणि आपल्याला एका टोपणाला शब्द मिळू नये? ‘संपीडन’ कसे वाटते? ‘दाबसंधी’? ‘आकुंचनबंध’? मी एकेक शब्द काकांपुढे ठेवू लागलो, आणि ते प्रत्येकाकडे, न बसणाऱ्या स्क्रूकडे पाहावे तसे पाहू लागले.

सौ. रिकामी बशी न्यायला आली होती. तिने ते निळे टोपण उचलले, खिडकीशी नेऊन दोन्ही ठसे पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे मुरडच की.”

“कसली?”

“करंजीची. आत घालायचं, कड दुमडायची आणि दाबत दाबत जायचं. ढिली पडली तर तेलात उकलते, सारण बाहेर येतं आणि सगळं तेल नासतं. जोर केला तर पारी फाटते. फिरकीनं कातून टाकणं सोपं असतं. पण मुरड ती मुरड. तुमचं हत्यार म्हणजे ज्याला मुरड घालता येत नाही त्याच्यासाठी केलेला साचा.”

काकांनी मान डोलावली. पण ते आपल्या धंद्याला प्रामाणिक. म्हणाले, “वहिनी, एक फरक आहे. करंजीत सारण आत मोकळं राहिलं तरी चालतं, कड बंद झाली की झालं. इथं कड राहू द्या, सारण गच्च बसायला पाहिजे.”

“मोकळं राहिलेलं चालतं कुठं?” सौ. म्हणाली. “त्याला खुळखुळा म्हणतात. वरून टम्म फुगलेली, आणि हलवली की आत मूठभर सारण वाजतंय. अशी करंजी केली की माझ्या सासूबाई जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर कानाशी धरून वाजवून दाखवायच्या.”

कॉटवरून आई म्हणाली, “एकदाच वाजवली होती.”

काका मोठ्याने हसले. ते काळे पडलेले पिवळे टोपण त्यांनी कानाशी धरून हलविले. “खुळखुळाच झाला होता, मास्तर!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्याच्याने राहवले नाही. “काका,” मी म्हणालो, “तो माणूस मीच.”

“ते मी दात पाहिले तेव्हाच कळलं,” ते म्हणाले. “वायरमन कितीही घाईत असला तरी पिवळ्यात अडीचची वायर घालत नाही. पण तुम्ही दुकानात गेलात तेव्हा वायरीचा एक तुकडा आणि जुना स्क्रू खिशात का नेला नाहीत? नाव ठाऊक नसलं तर वस्तू दाखवावी. त्यात कसली लाज?”

त्यांनी मला कमीपणा आणला नाही. उलट वायरीचा एक तुकडा आणि एक निळे टोपण हातात देऊन म्हणाले, “हं, आता तुम्ही करा.” मी केले. त्यांनी ओढून पाहिले, आणि काही न बोलता ते माझ्या खिशात टाकले. पहिल्या नंबराच्या मुलाला मी कधी इतके मोठे बक्षीस दिल्याचे आठवत नाही.

मागाहून मी इंग्रजी कोश काढला. क्रिम्प हे क्रियापद मुळात कापडाला चुण्या घालण्याला, केसांना लाटा पाडण्याला, आणि – हे वाचून मी सौ.ला स्वयंपाकघरातून हाक मारली – पायच्या कडेला मुरड घालण्यालाही वापरतात! इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात आपल्या करंजीसारखीच अर्धगोल, पण मांस-बटाट्याचे सारण असलेली पेस्टी करतात. तिला २०११ साली युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिले, त्यात मुरड माथ्यावर नसून बाजूलाच असली पाहिजे अशी अट आहे. म्हणजे सौ.ने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून जे भाषांतर केले होते, ते कोशाला धरून अचूक होते. माझे ‘आकुंचनबंध’ मी मुकाट्याने मागे घेतले.

पाडव्यानंतर दुकाने उघडली तसा मी पुन्हा तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार तोच, गर्दी तशीच. “निळे रिंग लग द्या, इन्सुलेटेड, अडीच स्क्वेअरचे, चारच्या स्क्रूला,” मी म्हणालो. त्याने मान वर करूनसुद्धा पाहिले नाही. हात मागे नेला, पुडी समोर ठेवली. विभक्तीचा प्रत्यय अचूक लागावा तसे वाटले. मला ते लग नको होते, हे घरी कुणाला सांगितले नाही. ती पुडी अजून कपाटात आहे.

तेव्हापासून मला माझ्या वर्गातली ती मुले आठवतात. ‘ते हे’ लिहिणाऱ्या एकालाही मी कधी विचारले नाही, “बाळ, तुला काय म्हणायचे आहे? दाखव बरे मला.” मी नुसती रेघ मारली. त्यांतला एखादा पुढे माझ्यासारखाच कुठल्या तरी दुकानात मान खाली घालून उभा राहिला असेल, आणि ‘जरा मोठेच द्या’ म्हणून घरी गेला असेल. त्याच्या घरी पाटावर कोण बसले होते, मला काय ठाऊक?

यंदा आईला पंचाऐंशी लागले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मेन स्विच बंद करून बंबाचे आवरण उघडतो, वायर ओढून पाहतो आणि स्क्रू आवळतो. आई कॉटवरून हे सारे पाहत असते. करंट, स्क्वेअर, बॅरल यांतले तिला काही ठाऊक नाही. पण आंघोळीला जाण्यापूर्वी ती रोज न चुकता न्हाणीघराच्या दारात थांबते, वर पाहते आणि मला विचारते, “मुरड नीट आहे ना रे?”